हाताची बोबडी

पंच्याण्णव साली गणपती दूध पितोय अशी आवई उठली, तेव्हा अख्खं कुंभार पिंपळगाव वाट्या-चमचे घेऊन देवळाकडं पळालं. उषाबाईही गेली. पण तिनं चमचा गणपतीच्या सोंडेला लावायच्या आधी सभामंडपातल्या दगडी खांबाला लावला. खांबानंही दूध ओढलं. "घ्या, खांबालाबी उपास होता वाटतं," एवढं म्हणून ती मागं फिरली आणि वाटीत उरलेल्या दुधाचा घरी येऊन चहा केला. पुजारी तिच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हता.

अशी बाई. वांगं घेताना देठ उचलून बघणार. डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर पाकीट उजेडात धरणार. पुढारी गावात येऊन हात जोडायला लागला, की त्याच्याकडं न बघता त्याच्या मागं उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघणार. लोक तिला संशयी म्हणायचे. म्हणोत. ज्यांच्या ताटात कुणी कधी खडे कालवले नाहीत, त्यांनी खुशाल डोळे मिटून जेवावं. उषाबाईच्या ताटात कालवले होते.

तिची थोरली मुलगी सत्यशीला. घर चांगलं, विहिरीला पाणी, पोरगा एकुलता, म्हणून दिली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एके सकाळी नवरा अंगणात चहा पिता पिता ताठ झाला आणि कोसळला. डोळे पांढरे, तोंडाला फेस. सत्यशीला ओरडायच्या आत सासू आली, कोनाड्यातून चप्पल काढली आणि पोराच्या नाकाला लावली. कोनाड्यात एकच चप्पल होती. जोडीतली दुसरी घरात कुठंच नव्हती. त्या एकट्या चपलेनं सत्यशीलाला सगळं सांगून टाकलं.

फिट येणं हा काही गुन्हा नाही. आणि चपलेनं ती जातही नाही; तिची ती जाते आणि नाव चपलेचं होतं. गोळ्या असतात, त्या रोज घेतल्या तर माणूस शेती करतो, लेकरं वाढवतो. पण गोळी खाताना नव्या सुनेनं पाहिलं तर? शेजारणीनं पाहिलं तर? म्हणून त्या घरानं गोळ्या बंद ठेवल्या होत्या आणि चप्पल चालू. पुढच्या उन्हाळ्यात तो शेतातल्या हौदावर एकटाच गेला आणि पाण्यात पालथा सापडला. तेराव्याला उषाबाई त्या सासूपुढं उभी राहिली. म्हणाली, "तुमचा पोरगा आजारानं न्हाई मेला. झाकण्यानं मेला." आणि सत्यशीलाला घेऊन घरी आली.

तिथून पुढं तिचा डोळा असा झाला.

धाकटी प्रेमला. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. गावातले तिला मुकी म्हणायचे, आणि उषाबाईच्या कानावर ते आलं की म्हणणाऱ्याची खैर नसायची. "मुकी? दिवसभर टकळी चालू राह्यती तिची. तुमाला दिसत न्हाई, त्याला ती काय करन?" औरंगाबादच्या शाळेत असताना प्रेमला वसतिगृहातल्या पोरींकडून हातांची भाषा शिकली आणि सुट्टीत येऊन आईला शिकवायची. त्या भाषेत प्रत्येक माणसाच्या नावाची एक खूण असते. प्रेमलाची खूण म्हणजे कानामागं वेणी पिळल्यासारखी फिरणारी दोन बोटं. वडील काकासाहेब बोलण्याचं खातं बायकोकडं देऊन मोकळे झालेले गृहस्थ. त्यांची खूण नुसती मिशी. आणि आईची? डोळ्याखाली बोट लावून खालची पापणी जराशी ओढायची. बारीक नजरेनं बघणारी. उषाबाईला ही खूण मनापासून आवडायची.

तर या प्रेमलासाठी शहाण्णवच्या दिवाळीनंतर रामकिसन स्थळ घेऊन आला. रामकिसन काकासाहेबांचा मावसभाऊ. सोयरिकी जमवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, आणि गंमत अशी, की हा मध्यस्थच तोतरा. 'क' आला की त्याच्या जबड्याला कुलूप लागायचं, पापण्या फडफडायच्या, उजवा पाय जमिनीवर आपटायचा आणि मग शब्द एकदम बाहेर पडायचा. लोक मधेच त्याला शब्द पुरवायचे. उषाबाई कधी पुरवायची नाही. तिचं म्हणणं, तोतरा माणूस बरा, खोटं बोलणं त्याला परवडत नाही.

"पोरगा हसनाबादचा हाये वहिनी. ऐकू येत न्हाई, पर घरातच दुकान हाये. मोटारी भरतो," रामकिसन म्हणाला. शेतातली पंपाची मोटार जळाली की तिच्यात नव्यानं तांब्याची तार गुंडाळावी लागते, ते हे काम. "नाव... क... क..."

सगळे थांबले. पाय आपटला.

"कडूबा."

"कडू?" उषाबाई म्हणाली. "म्हंजी आधीची लेकरं जगली न्हाईत, म्हणून असलं नाव ठिवलं आसन. कशानं गेली ती?"

"वहिनी, मी सोयरीक घेऊन आलोय. पंचनामा न्हाई करायचा."

"सोयरीक म्हंजी पंचनामाच राह्यतो भाऊजी. आधी केला तर सोयरीक, मागून केला तर पंचनामा."

रीत अशी, की पोराकडच्यांनी येऊन पोरगी बघायची. उषाबाईनं रीत उलटी केली. आधी आम्ही येणार, आणि पोरीला घेऊन येणार. रामकिसननं कपाळाला हात लावला, काकासाहेबांनी मिशीला. आणि तिघंजण जालन्यावरून गाडी बदलून हसनाबादला गेले: उषाबाई, प्रेमला आणि रामकिसन.

घर साधं. पुढं पत्र्याचं दुकान, मागं दोन खोल्या. कडूबाची आई गिरिजाबाई वाकून वाकून बोलणारी, जरा जास्तच गोड. उषाबाईनं दारातच चपला बघून घेतल्या. सगळ्या जोडीनं होत्या. मग पाणी पाहिजे म्हणून ती सरळ आत गेली आणि कोनाडे बघून आली. एकात आरसा-कंगवा, एकात देवीचा फोटो. चप्पल नव्हती. याचा अर्थ एक तर ती नसेल, नाही तर आज पाहुणे येणार म्हणून उचलून ठेवली असेल. उषाबाईच्या डोक्यात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसले.

कडूबा दुकानात काम करत होता. सडपातळ, हनुवटीवर जुन्या जखमेचा वण. केसाएवढी बारीक तार त्याच्या बोटांतून अशी सरत होती, की कुठं गाठ नाही, कुठं ताण नाही. प्रेमला बघत राहिली. उषाबाईही बघत राहिली, पण तिला वाटलं, दाखवायला म्हणूनच हे काम आज काढलेलं असणार.

पोहे आले. रामकिसन आणि गिरिजाबाई पाऊसपाण्याचं बोलत बसले. उषाबाईनं बशी खाली ठेवली आणि कडूबाला हातांनी विचारलं, "तुझं नाव काय?"

गिरिजाबाईच्या चेहऱ्यावरचा गोडवा एकदम उतरला. पाहुणीला ही भाषा येत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

कडूबाची खूण सोपी होती. हनुवटीच्या वणावरून एक बोट खाली ओढायचं, बस. त्याचा हात वर आला. हनुवटीच्या अलीकडं थांबला. बोट हवेतच टकटक करायला लागलं, जसं बंद दारावर कुणी ठोठावतंय. खांदा आवळला, मान मागं गेली, डोळ्यांच्या पापण्या लवलवल्या. बोट काही वणाला लागेना. तेवढ्यात गिरिजाबाईनं झपकन पुढं होऊन त्याचा हात धरला आणि आपल्या पदराखाली दाबला.

"लाजतो जरा," ती हसून म्हणाली. "सवय न्हाई पाहुण्यांची."

उषाबाईनं ते हात धरणं पाहिलं. किती सरावाचं होतं. न बघता, बराबर वेळेवर, बराबर जागेवर. कोनाड्यातून चप्पल काढणारा हातही असाच सरावाचा असणार.

परतीच्या गाडीत प्रेमलाचा चेहरा फुललेला होता. "आवडला," ती हातांनी म्हणाली.

"हात अडकला त्याचा. पाहिलंस का?"

प्रेमला हसली. पुढच्या सीटवर रामकिसन झोपला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याची खूण केली: जबड्यावर हलकेच मूठ मारायची. बास. एवढंच बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

उषाबाईनं याचा अर्थ लावला, तो असा: रामकिसनला माहीत आहे. पोरीनं काहीतरी हेरलंय. सगळे मिळून झाकतायत. घोर चूक होती, पण ज्या माणसाला खड्ड्याचा अनुभव आहे, त्याला सावलीही खड्डा वाटते.

मग तिनं चौकशी लावली. कडूबा जालन्याला एका शाळेच्या वसतिगृहात वाढला होता. शाळेतले लोक काही सांगणार नाहीत हे ठरलेलंच. साहेब लोक आपल्या पाटीला डाग लावून घेत नसतात. म्हणून उषाबाईनं तिथं पूर्वी स्वयंपाक करणारी चांगुणाबाई हुडकून काढली. म्हातारी आपल्या दारात तूर निवडत बसली होती.

"कडूबा? हसनाबादचा ना? लई गुणी लेकरू. भाकर खाल्ली की ताट घासून ठिवायचा."

"तब्येतीनं कसा व्हता?"

"तब्येतीला काय धाड भरली. फकस्त हाताला झटके येयाचे त्याच्या."

"झटके?" उषाबाईचा आवाज बदलला.

"हां ना. हात मधीच अडकून बसायचा, मंग फडफड फडफड. सरांना बिलकुल चालायचं न्हाई. तिथं तसंबी हातानं बोलायला बंदीच व्हती, तोंडानंच बोला म्हणायचे लेकरांला. हा लई हात हालवतो म्हणून ह्याचे हात बाकाला बांधून ठिवायचे. मला तं बघवायचं न्हाई बाई..."

म्हातारी बोलत राहिली, पण उषाबाईचे कान 'झटके' या शब्दापाशीच बंद झाले होते. आपल्याकडं 'झटके येतात' म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. खरं तर थांबून ऐकायचं ते पुढचंच होतं. लेकरांना ऐकू येत नाही, ती हातानं बोलतात, तर त्यांचे हातच बांधून टाकायचे. बोलत्या पोरांची तोंडं अशी बांधली असती तर कलेक्टर कचेरीवर मोर्चा गेला असता. इथं कुणाला काही वाटलं नाही. उषाबाईलाही त्या दिवशी वाटलं नाही. तिला तिचा पुरावा मिळाला होता.

घरी येऊन तिनं रामकिसनला बोलावून घेतलं. "पोराला फिट येते आणि तुमाला ठावं व्हतं. एका पोरीचा संसार घालवून बसलेय मी. दुसरीला बी त्याच हौदात लोटायला निघालात?"

रामकिसनचं तोंड लाल झालं. "वहिनी, मला क... क... क..."

आजवर ती थांबत आली होती. त्या दिवशी थांबली नाही. पदर खोचून आत निघून गेली. रामकिसन ओट्यावर उभा, जबडा अडकलेला, पाय आपटतोय, आणि ऐकायला समोर कुणी नाही.

प्रेमलानं दोन दिवस आईशी बोलणं टाकलं. म्हणजे आईसमोर हात मांडीखाली घेऊन बसायची. यापेक्षा मोठा अबोला कुठला?

पण रामकिसनही हट्टाचा. बाजाराच्या दिवशी तो कडूबालाच घेऊन आला. गावचा आठवडी बाजार भर रंगात होता. उषाबाई मिरच्यांचा ढीग लावून बसली होती. एका बाजूला सत्यशीला तराजू धरून, दुसऱ्या बाजूला प्रेमला.

"मला न्हाई सांगता आलं," रामकिसन म्हणाला. "आता ह्यालाच इचारा."

कडूबानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यानं प्रेमलाकडं एकदा बघितलं, मग उषाबाईला हातांनी विचारलं, "नाही का म्हणता?" एवढं त्याचं स्वच्छ बाहेर पडलं.

"तुला फिट येते," उषाबाई हातांनी म्हणाली. आणि भोवतीच्यांना कळावं म्हणून की काय कोण जाणे, तोंडानंही म्हणाली.

त्याला 'नाही' म्हणायचं होतं. नुसता एक पंजा आडवा हलवायचा. पंजा वर गेला आणि हवेत गोठला. मग थरथरायला लागला. खांदा कानापर्यंत चढला, मान मागं, पापण्या लवलवतायत. उषाबाईच्या डोळ्यांसमोर कडूबा नव्हता. थोरला जावई होता आणि हौद होता. तिचा हात आपसूक पायाकडं गेला. तिनं चप्पल काढली आणि भर बाजारात कडूबाच्या नाकाला लावली.

"फिट आली, फिट आली," कुणीतरी म्हणालं आणि माणसं गोळा झाली. कांदेवाला कांदा फोडून घेऊन धावला. एकानं कुलपाच्या किल्ल्या कडूबाच्या दुसऱ्या मुठीत कोंबल्या. दुसरा त्याला खाली निजवायला खेचत होता. सगळ्यांना उपाय माहीत होते. काय झालंय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

"माय, काढ ती चप्पल."

सत्यशीला होती. ती सहसा बाजारात तोंड उघडायची नाही. तिनं तराजू खाली ठेवला आणि आईचं मनगट धरलं. "फिट आल्यावर माणूस तिथं नसतो. मी पाह्यलंय ना माझ्या डोळ्यांनी. डोळे उघडे राह्यतेत, पर आत कोणी नसतं. ह्याचे डोळे बघ. हा इथंच हाये. तुलाच बघून राह्यलाय."

उषाबाईनं बघितलं. सगळं बारीक नजरेनं बघणाऱ्या बाईनं त्या पोराचे डोळे तेवढे बघितले नव्हते. ते भरून आले होते.

तोवर प्रेमला ढिगावरून उडी मारून आली होती. मिरच्या पायाखाली तुडवल्या गेल्या. तिनं एका हातानं रामकिसनची हनुवटी पकडून आईकडं वळवली आणि दुसऱ्यानं आपल्या जबड्यावर मूठ मारली: गाडीत केली होती तीच खूण. मग कडूबाच्या अडकलेल्या हाताकडं बोट केलं. मग दोन्ही तर्जन्या एकमेकींना जुळवल्या. सारखं. हे आणि ते सारखं.

"आरं, मला कशाला ओढते ही? मी क... क..." रामकिसन बोलायला गेला आणि अडकला. पापण्या फडफडल्या, मान मागं गेली, पाय आपटायला लागला.

उषाबाईसमोर दोघं उभे होते. एकाचा जबडा अडकलेला, एकाचा हात. तशाच लवलवत्या पापण्या, तीच मागं गेलेली मान. जन्मापासून प्रेमलाला रामकिसनचा आवाज कधी ऐकू आलाच नव्हता; तिनं फक्त त्याचं अडकणं पाहिलं होतं. म्हणून हसनाबादला तिनं पहिल्या नजरेत ओळखलं. कानवाल्यांना तोतरेपण ऐकायची सवय. बघायची कुणाला?

"हा तोतरा हाये," उषाबाई हळूच म्हणाली. "हातानं तोतरा."

"हात कसा तोतरा राह्यल?" कांदेवाला हातातल्या कांद्याकडं बघत म्हणाला.

"जो ज्यानं बोलतो, तो त्यानं अडखळतो," सत्यशीला म्हणाली. "तुझा तराजू कसा दर बाजारी अडखळतो?"

रामकिसन आधी सुटला. "म्हंजी हा माझाच भाऊबंद," तो म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. कडूबाचा हात मागून सुटला, आणि त्यानं 'नाही' म्हणायचं सोडून दिलं. कुणाला सांगायचं? त्यानं मुठीतल्या किल्ल्या ज्याच्या त्याला परत केल्या, खाली पडलेली चप्पल उचलली, उषाबाईच्या पायाशी दुसऱ्या चपलेला लावून नीट जोडीनं ठेवली आणि स्टँडकडं चालायला लागला.

त्या जोडीनं ठेवलेल्या चपलेकडं उषाबाई पुष्कळ वेळ बघत होती. घालायची हिंमत झाली नाही. अनवाणीच घरी गेली.

इथं गोष्ट मिटली असती तर बरं झालं असतं. पण बाजारात पडलेली गोष्ट बाजारात राहत नाही. 'हसनाबादच्या मोटारवाल्याला फिट येते' ही बातमी पुढच्याच आठवड्यात हसनाबादला पोहोचली, आणि वाटेत तिचे हातपाय वाढले. विजेचं काम करणाऱ्याला फिट म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाला घोर. लोक येऊन आपापल्या मोटारी उचलून न्यायला लागले, काही तर अर्ध्या भरलेल्या. झाकणाऱ्यांवर चिडणाऱ्या उषाबाईनं न झाकता, अगदी चव्हाट्यावर, एक खोटं उभं करून दिलं होतं. रामकिसननं येऊन सांगितलं तेव्हा तिनं पिशवी भरली आणि हसनाबादची गाडी धरली. एकटी.

गिरिजाबाईनं दारातच अडवलं. आता तिच्या बोलण्यात गोडवा औषधालाही नव्हता. "आता काय आणलं? दुसरी चप्पल?"

"चुकलं माझं," उषाबाई म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडून सहसा निघत नसत, त्यामुळे जरा वाकडेच निघाले. "पर तुमी त्याचा हात का झाकला त्या दिवशी?"

"का झाकला? लहानपणापासून जो बघतो तो म्हणतो, भूत लागलंय, वेडं हाये, फिट येते. मास्तरानं बांधला त्याचा हात. मी बांधला न्हाई, नुसता पदराखाली घेतला. तुमच्यासारख्या बाया येतेत म्हणून झाकला."

"आणि तुमच्यासारख्या झाकतेत म्हणून माझ्यासारख्या बाया अशा व्हतेत."

दोघींच्याही तोंडात आणखी पुष्कळ होतं. पण दोघींनी पोरं वाढवली होती, आणि कुणाचं कुठं दुखतं ते दोघींना दिसत होतं. गिरिजाबाई दारातून बाजूला झाली.

उषाबाई घरात गेली नाही. दुकानात गेली. कडूबानं मान वर केली नाही. तिनं एक रिकामं खोकं ओढलं आणि दुकानाच्या तोंडाशी, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं, ठाण मांडून बसली. जो मोटार न्यायला येईल त्याला अडवायची.

"का नेऊन राह्यले?"

"फिट येते म्हणतेत ह्याला."

"कोण म्हणतं?"

"पिंपळगावची कोणी बाई."

"ती बाई मीच. आणि मी खोटं बोलले. पोरगा तोतरा हाये, हातानं. तुमच्या गावात तोंडानं तोतरा कोणी हाये का न्हाई? त्याच्याकडून दूध घेता ना? मंग ठिवा ती मोटार खाली."

काहींनी ठेवल्या. काहींनी नेल्याच. एकजण म्हणाला, "ह्या बाईलाच काहीतरी हाये." पण जी बाई स्वतःला भर रस्त्यात खोटारडी म्हणवून घेते, तिच्यावर संशय तरी काय घ्यायचा?

ऊन कलल्यावर कडूबानं काम थांबवलं. चहाचा कप तिच्याकडं सरकवला आणि पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. त्याला काहीतरी विचारायचं होतं. हात कानाकडं निघाला आणि वाटेतच अडकला. दोन बोटं हवेत फडफडायला लागली. उषाबाईला बोटं ओळखू आली. वेणी. प्रेमलाचं नाव. तिला पुढचा प्रश्नही ठाऊक होता, उत्तरही. शब्द पुरवणं किती सोपं होतं. पण तिनं कप खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि रामकिसनपुढं जशी थांबायची तशी थांबली. चहा निवला. बोटं कानामागं पोहोचली.

"प्रेमला काय म्हणते?"

"ती कधीची हो म्हणून बसलीय," उषाबाई हातांनी म्हणाली. "मीच मधे बसले होते."

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगतीत बायांनी नवरा-नवरीला नाव घ्यायला धरलं. प्रेमलानं हनुवटीवरून बोट खाली ओढलं आणि वर असे काही हावभाव जोडले, की अर्थ न कळताही बाया खूश झाल्या. आता कडूबाची पाळी. त्याचा हात वर आला, कानाच्या अलीकडं थांबला, आणि दोन बोटं फडफडायला लागली. गिरिजाबाईचा हात जुन्या सवयीनं पुढं झेपावला. तो उषाबाईनं मधेच धरला आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवला.

"ऱ्हाऊ द्या विहीणबाई. येतंय त्याचं."

तेवढ्यात मागच्या पंगतीतून कुणी टारगट बोललाच, "चप्पल आणा रे चप्पल."

उषाबाईनं मागं वळून बघितलं आणि पायातली काढली. पण ती कडूबासाठी नव्हती. टारगट पत्रावळ टाकून पळाला, मांडव हसला, आणि त्या हसण्यात कडूबाची बोटं कानामागं वेणी पिळून मोकळी झालेली पुष्कळांनी पाहिलीच नाहीत. प्रेमलानं पाहिली.

उषाबाई पुढंही वांग्याचा देठ उचलूनच बघायची. कडूबाचा हातही जन्मभर अडखळला. गिऱ्हाइकापुढं, साहेबापुढं, कधी कधी बायकोच्या नावावरसुद्धा. एकच नाव त्याच्या हातात कधी अडकलं नाही. सासू दारात दिसली, की बोट सरळ डोळ्याखाली जायचं आणि पापणी खाली ओढली जायची.